सळई जिथे उभी केली

मुलांनो, तुमचे आजोबा साताऱ्यात नळजोडणीचं काम करत. नगरपालिकेचं लायसन त्यांनी चौकटीत घालून दारामागे लावलं होतं. नळ बसवायचे, गरम पाण्याच्या टाक्या जोडायच्या, हे त्यांचं रोजचं काम. आमची पहिली मुलगी तापाने गेली त्या वर्षी ते परसात बसून एक यंत्र करू लागले. लोखंडी सळई, तिच्या टोकाला ग्रामोफोनच्या सुईमागची पातळ चकती आणि डॉक्टरांनी टाकून दिलेल्या स्टेथोस्कोपच्या नळ्या. सळई रस्त्यावर टेकवली की खालचा पाइप कुठे गळतो ते ऐकू येई. मी स्वयंपाक करी, ते ऐकत बसत. आम्ही फारसं बोलत नव्हतो.

ही बातमी पूर्वेच्या दुष्काळी भागात पोहोचेपर्यंत बदलली. एक म्हातारे मेंढपाळ बसने आमच्याकडे आले.

"आवं, तुमास्नी जमिनीतलं पाणी ऐकू येतंय म्हणं. आमची हीर कुठं खांदायची तेवढं सांगा."

"पाइपातलं ऐकू येतं, बाबा. पाइप नसला तर ही सळई बहिरी."

"आमचा पाणाड्या नारळ तळहातावर धरून पाणी सांगायचा. त्याला कुठं पाइप लागतुया?"

त्यांची विहीर आटली होती. दुसरीला पाणी लागलं नाही, तर मेंढरं विकून कालव्याकडे मजुरीला जायचं, असं त्यांच्या मुलांनी ठरवलं होतं. म्हाताऱ्यांना गाव सोडायचं नव्हतं. ते उठेनात, तेव्हा आजोबा तयार झाले. सासूबाई म्हणाल्या, "हिलाही ने. चार माणसं दिसतील." म्हणून मी गेले.

आजोबांनी शेतात ठिकठिकाणी सळई टेकवली. काही ऐकू आलं नाही, तसं त्यांनी सांगितलं. जेवायला हाक आली तेव्हा सळई बांधाजवळच्या मऊ मातीत उभी खोचून ते हात धुवायला गेले. जेवून परत येतो तर सळईच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलेलं आणि नारळ फोडलेला.

"अहो, मी नुसती उभी केली होती. इथे पाणी आहे असं मी म्हणत नाही."

म्हातारे मुलांकडे बघून हसले. "बघा रं, कसा जपून बोलतोय गडी. खरा पाणाड्या तोंडानं कवाच सांगत न्हाई."

आजोबा जितकं नाही म्हणत, तितक्या माना डोलत. त्यांनी सळई उपटली. मातीला भोक राहिलं, त्यात कुणीतरी लगेच काठी रोवली. माझ्या हातावर खोबरं ठेवलं. मी ते खाल्लं.

उन्हाळा सरताना म्हातारे पुन्हा आले.

"काळा फत्तर लागला. सुरुंग लावलं. कोरडंच."

"मी सांगितलं होतं, बाबा."

"व्हय. लय येळा सांगितलं."

मग ते म्हणाले, मेंढरं दिली, उद्या फलटणकडं निघालो, उसाच्या कामाला. सांगून जावं म्हणून आलो. आजोबा जमिनीकडे बघत होते. साखर संपली होती, म्हणून मी गुळाचा चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला आणि ते स्टँडकडे गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. त्या वर्षी कशाचंच काही वाटत नव्हतं.

त्यानंतर आजोबांनी ती सळई उघड्या मातीत कधी उभी केली नाही. काम थांबलं की खांद्यावर घेऊन उभे राहत, हात भरून आला तरी.