आधी जेवणारी बाई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कार्यालयाच्या भटारखान्यात उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा किराणा तपासून घेत होते. बारामतीत एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी बघते. सामानाची यादी हातात असली की मला दुसरं काही ऐकू येत नाही, तरी त्या दिवशी फोन उचलला. "शालनताई गेली," आमचे हे म्हणाले. शालनताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझी नणंद, इंदापूर तालुक्यातल्या कळसला दिलेली. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं चालून आल्या, न्याहारी केली, ओसरीवर खुर्चीत टेकल्या आणि तशाच गेल्या. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. चपला काढताना मागून एका बाईचं बोलणं कानावर आलं... "एवढं चालून आन् येळेवर जेवून काय मिळालं? आमी कवाबी खातो, हाय का न्हाय धडधाकट?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागं लागलंय. भाजी निवडताना, गाडी चालवताना, वाढप्यांना सूचना देताना ते मध्येच येतं आणि हातातलं काम थांबतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ताई कळसला चांगल्या रुळल्या होत्या. भेंडी, गवार, वांगी असा भाजीपाला त्यांच्या रानात असायचा. पहाटे तोडणी, मग माल बारामतीच्या मार्केट यार्डाला रवाना करायचा, मग स्वयंपाक. त्या घरात आधी गडीमाणसं आणि पाहुणे जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई आणि सगळ्यांत शेवटी ताई. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, ताईंना तर नाहीच. "पातेल्याच्या बुडाला तिखट बसतंय," त्या मला म्हणायच्या, "शेवटाला जेवणारीच्या वाट्याला तेच येतं. म्हणून तर माझी जीभ अशी." जीभ खरंच तशी होती. माहेरी आल्या की पहिल्या दहा मिनिटांत माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून काढायच्या. "साखरंच्या डब्यावर साखर लिवलंय. मंजू, डबा काचंचा हाय गं."

गावातल्या एका तपासणी शिबिरात त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि ती जेवणाआधी घ्यायला सांगितली. ताई शिस्तीच्या. दुपारचे बारा वाजले की हातातलं काम टाकून गोळी घ्यायच्या. पण रानातनं माणसं यायची ती दीड-दोनला, त्यात कुणीतरी पाहुणा असायचाच, आणि ताईंचं ताट पडायला तीन वाजायचे. मधल्या वेळात त्यांना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची. सासूबाई मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायच्या आणि मग गुळाचा खडा तोंडात द्यायच्या. गुळानं बरं वाटायचं, श्रेय मिरच्यांना जायचं. असं कितीतरी महिने चाललं. मग एके दिवशी धाकट्या दिराच्या मुलीला बघायला बावड्याहून पाहुणे आले, पंगत बसली आणि वाढता वाढता ताईंच्या हातातलं आमटीचं भांडं सुटलं. त्या खाली बसल्या, बसल्या त्या आडव्याच झाल्या.

बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"एकदा बी न्हाय. घड्याळ लावून घेते."

"आणि जेवण?"

"ते मानसं जेवली की."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "यांना आणखी औषध नको आहे. यांना आधी जेवायला घाला."

दवाखान्यातून ताईंना मी घरी आणलं. माझा स्वभाव असा, की संकट आलं की मी वेळापत्रक करते. गोळी, जेवण, चालणं, दुपारची विश्रांती, रात्रीची झोप... सगळं रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर लावलं. ताई चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचत उभ्या राहिल्या. "लय झ्याक केलंस," त्या म्हणाल्या. "पन ह्यात पाव्हणं कुठं लिवल्यात?"

पाहुणे मी लिहिले नव्हते. सासू लिहिली नव्हती, रानातनं उशिरा येणारा नवरा लिहिला नव्हता. ताईंनी तो कागद जाताना सोबत नेला नाही. त्यांनी जे केलं ते कुठल्याही वेळापत्रकात बसणारं नव्हतं. कळसला गेल्यावर पहिल्याच दुपारी त्यांनी गोळी घेतली, चुलीपुढं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि भाकरी मोडली. पोचवायला गेलेली मी तिथंच बसले होते. सासूबाई दारात आल्या. "नवरा रानात, आन् बाई ताटावर. अजून काय काय बगायचं ठेवलंय देवानं."

"आत्याबाई," ताई खाली मान घालून चावत म्हणाल्या, "गोळी माझ्या पोटात गेलीया. त्येंच्या न्हाय."

दाजींनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, भांडण केलं नाही. ते रुसले. घरी जेवायला यायचंच बंद केलं, गड्याकडून डबा मागवून विहिरीवर जेवायला लागले. गावात चर्चा झाली. ताई रोज डबा भरायच्या आधी जेवून घ्यायच्या. एका दुपारी दाजी न सांगता घरी आले, ताईंच्या शेजारी पाट ओढून बसले आणि म्हणाले, "वाढ. विहिरीवर मुंग्या लय झाल्यात." रुसवा संपला तो असा. पण पाहुणे आले की ते अवघडायचेच. ताई आत जेवत असल्या की बाहेर मोठमोठ्यानं पावसापाण्याचं बोलत राहायचे.

चालण्याला मात्र ताईंचाच विरोध होता. दिवसभर रानात वाकायचं आणि वर आणखी चालायचं, हे त्यांना पटेना. मी फोनवर रोज विचारायचे, त्या रोज टाळायच्या. शेवटी शेजारच्या सुमनबाईंना आणि आणखी दोघी-तिघींना सोबत घेऊन निघाल्या, तर पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवरनं कुणीतरी हटकलं, "का गं, कुणाच्या मयतीला निघालाय सगळ्या?" बायका सकाळी घोळक्यानं रिकाम्या हातांनी निघाल्या म्हणजे गावाच्या हिशेबी दुसरं कारणच नव्हतं. मग ह्या बायकांनीच युक्ती काढली. प्रत्येकीच्या हातात विळा. विळा घेतलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. कालव्याच्या कडेनं विळे हलवत भराभर चालायच्या, गवताची एक काडीही न कापता परत यायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा ताई विळा विसरल्या, किंवा विसरल्यासारखं केलं, आणि हळूहळू सगळ्यांचेच हात रिकामे झाले.

विश्रांतीचं सर्वांत अवघड. आमच्याकडं बाई आजारी असल्याशिवाय दिवसा आडवी पडत नाही. ताई दुपारी थोडा वेळ पडायच्या आणि त्याही आतल्या खोलीत नाही, ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा. मी म्हटलं, "आत पडा की निवांत." त्या म्हणाल्या, "आत लपून झोपले तर ती चोरी हुती. भाईर झोपले तर नुसती झोप."

हे सगळं आठवतं आणि मला स्वस्थ बसवत नाही. माझी सवय कारण शोधायची. अमुक केलं तर तमुक होतं, यावर माझं सगळं काम चालतं. मी त्या डॉक्टरांना भेटून आले. ते म्हणाले, साखर आटोक्यात होती, कधी कधी हृदय इशारा देत नाही. मी आणखी काही विचारणार होते, पण विचारायला काही राहिलं नव्हतं. तरी घरी येताना वाटेत गाडी थांबवून बसून राहिले... दहाव्याला सुमनबाई भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "चालणं बंद केलं बगा आमी. घरची म्हनत्यात, ती चालून चालूनच गेली." मी त्यांना बरंच काही समजावलं. त्या मान हलवत राहिल्या, आणि मला कळत होतं की उद्या सकाळी कालव्यावर कुणी जाणार नाही.

खरी धास्ती मला कोमलची लागली. कोमल ताईंची सून, दिवस गेलेली. गरोदरपणात तिचीही साखर वाढली, औषध सुरू झालं. ताई होत्या तोवर दोघी सासवा-सुना चुलीपुढं बसून आधी जेवायच्या. ताई गेल्या आणि घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला न जेवता जाऊ देत नाहीत, आणि नवी सून आधी जेवली तर लोक काय म्हणतील... फोनवर विचारलं की कोमल म्हणायची, "जेवते की, मामी." किती वाजता, हे सांगायची नाही. एकदा तिच्या आवाजात कंप ऐकू आला. मी विचारलं, तर म्हणाली, "साखर खाल्ली मगाशी चिमूटभर. बरं हाय आता."

ताईंना जाऊन महिना झाला, त्या दिवशी मी लवकरच कळसला पोहोचले. पाहुणे भरपूर होते, बावड्याचे व्याहीही आले होते. पहिलं ताट वाढून ताईंच्या फोटोपुढं ठेवलं. मग बाहेर पुरुषांची पंगत मांडली, पत्रावळी पडल्या, पाणी फिरलं. मी आत आले. कोमल भाकऱ्यांची दुरडी उचलत होती आणि तिच्या ओठावर घाम होता. मी म्हटलं, "गोळी घेतलीस?" तिनं मान डोलावली. "मग बस जेवायला."

"पंगत उठू द्या, मामी. सगळी बसल्यात."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. मी पाहुणी, माहेरकडची, माझ्या धरण्याला तिथं वजन नव्हतं. तेवढ्यात दारात दाजी उभे दिसले. पंगतीतनं उठून आले होते, हात अजून ओला होता. त्यांनी कोमलकडं पाहिलं, तिच्या हातातली दुरडी घेतली आणि खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"मामा, पाव्हणं बसल्यात."

"बसू दे. त्यास्नी कुठं गोळी हाय." मग बाहेर तोंड करून, मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "जरा थांबावं लागंल मंडळी. सून जेवतीया."

कोमल चुलीपुढं बसली. मी वाढलं. ती घाईघाईनं घास घ्यायला लागली तसे दाजी उंबऱ्यावरच टेकले, पाठ पंगतीकडं करून. "सावकाश," ते म्हणाले. बाहेर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी पत्रावळ सरळ केली. दुरडीतल्या भाकऱ्या गार होत होत्या. एवढ्या माणसांना ताटकळत ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही, माझे हात वाढायला पळत होते... मी ते मांडीवर दाबून धरले आणि कोमलचा घास चावून होईपर्यंत दुसरी भाकरी वाढली नाही.