दाजी धबधब्याला निघाले

आमच्या दाजींइतका फिरलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं कमी पाहिलेलाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हसनाबादला घर, मळा, दारात खिल्लारी जोडी. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, खांद्यावर उपरणं, अशा थाटात घराबाहेर पडायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा गडी आज दिल्लीला पोचतोय. पोचायचे मात्र पहिल्या पाव्हण्याच्या ओट्यावर. पाव्हण्याच्या गावावरून जायचं आणि त्याच्या घरी चहा न घेता पुढं सरकायचं, यापेक्षा मोठं पाप दाजींच्या पोथीत नव्हतं. आणि एखाद्या गावात पाव्हणा नसलाच तर दाजी तो बसल्या जागी तयार करत. "गाव कोणचं?" इथून सुरुवात. मग "तिथले पाटील तुमचे कोण?" मग मामा, मावशी, साडू, व्याही असे चार वळसे घालून समोरच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात नातं पडलेलं असे. तो बिचारा एस.टी.त नुसती खिडकीशेजारची जागा मागायला आलेला असायचा.

एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून जालन्याला निघाले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी आजोळाकडून काहीतरी नातं निघालं. झालं! त्याच्याबरोबर मधल्याच गावी उतरले, दोन रात्री मुक्काम ठोकला, हुरडा खाल्ला आणि सुजलेला गाल घेऊन घरी परत आले. अक्कानं विचारलं, "आवो, दाढ?"

"ती कुठं जाती? तोंडातच हाय की."

असल्या माणसाशी काय बोलणार! आणि हे आम्हाला उशिरा कळलं असंही नाही. त्यांच्या लग्नातच कळलं होतं. मुहूर्त सकाळचा. मांडवात सगळं तयार, अक्का बोहल्याशेजारी हळदीच्या अंगानं बसलेली, आमचे वडील उन्हात वेशीवर डोळे लावून उभे. आणि नवरदेव? नवरदेव वाटेतल्या गावात, बाशिंगासकट, मावशीच्या ओट्यावर शेवया खात बसले होते. लग्न दिवेलागणीला लागलं. वडिलांनी जाब विचारला तर हात जोडून म्हणाले, "मामा, मावशीचं मन मोडलं असतं बघा."

"आणि माझं मन?"

"तुमच्याकडं आता जलमभर येणंच हाय की."

वडिलांनी हा किस्सा मरेपर्यंत सांगितला. सांगताना पहिल्यांदा चिडायचे आणि शेवटी हसायचे. मी मात्र हसत नसे. मेव्हणीला दाजीची टवाळी करायचा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वसूल केला आहे, पण माझी अक्का अशा माणसाच्या गाडीला जुंपली गेली याचा राग माझ्या पोटात कायम होता.

मी जालन्याच्या शाळेत मास्तरीण. एका वर्षी मुलींची सहल घेऊन अजिंठ्याला गेले. पावसाळा सरत आलेला. लेण्यांच्या टोकाला तो धबधबा एका कुंडातून दुसऱ्या कुंडात उड्या टाकत खाली येत होता. पुढच्या नागपंचमीला अक्का माहेरी आली तेव्हा मी तिला सगळं वर्णन करून सांगितलं. पाणी कसं पडतं, तुषार कसे अंगावर येतात, पोरी कशा किंचाळल्या. तिनं झोका थांबवून ऐकलं आणि एकच विचारलं, "आवाज केवढा येतो गं?"

मला सांगता येईना. जात्याएवढा म्हणावं तर तेवढा लहान नाही, मेघगर्जना म्हणावं तर तसा थांबणारा नाही. त्यानंतर भेटेल तेव्हा ती तेच विचारायची. लग्न झाल्यापासून मळा आणि चूल यांपलीकडं न गेलेली बाई. कधी दागिना मागितला नाही, लुगडं मागितलं नाही. तिला फक्त एकदा तो आवाज ऐकायचा होता आणि ते पाणी पडताना पाहायचं होतं. ही गोष्ट दाजींच्या कानावर घातली तर म्हणाले, "येवढंच ना? नेऊ की! वाटंनं समदे आपलेच लोक हायेत."

मला वाटेत नेमके तेच लोक नको होते.

म्हणून सगळं मी ठरवलं. भाड्याची जीप ठरवली, चालवायला आमच्या गल्लीतले चाचा. अक्काची पोरं सासूबाईंजवळ ठेवली. निघताना दाजींना उंबऱ्यावर थांबवून शपथ घातली, "वाटेत कुठं उतरायचं नाही."

"बिलकुल न्हाई. तुमच्या गळ्याची आन, मास्तरीणबाई."

माझा गळा अजून शाबूत आहे, ही देवाची कृपा.

भोकरदन आलं. "नुसती दारातून हाक मारतो," म्हणाले. हाक मारली ती आतेबहिणीला. तिनं आम्हाला आत ओढलं, चहा झाला, पोहे झाले. अक्का उठली तर बहीण म्हणाली, "थांब, सवाष्ण रिकाम्या वटीनं जाऊ नये." कुंकू लावलं, पदरात नारळ, खण आणि गहू घातले. पुढच्या गावी साडूचे भाऊ. परत चहा, परत ओटी. त्याच्या पुढं कुणीतरी रस्त्यालाच बैलं घेऊन उभा होता, तो दाजींना पाहून रडायलाच लागला, त्याची आई वारलेली. तिथं बसणं भागच होतं, एवढं मी सुद्धा मान्य करते. पण रडणं झाल्यावरही दाजी बसून राहिले त्याला काय म्हणावं? जीपमध्ये नारळ इकडून तिकडं गडगडत होते. चाचांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "बाई, इनके पाव्हणे पहले खतम होते की मेरा डिझेल?"

सिल्लोडला कहर झाला. तिथं दाजींच्या चुलतभावाच्या सासूबाई राहायच्या. त्यांना आम्ही काकू म्हणू लागलो. काकूंनी कपाळावर हात मारला. "सवाष्ण दारात आली अन् मी साधी भाकर वाढू? लोक काय म्हनतील!" आणि मी नको नको म्हणेस्तोवर पुरणासाठी डाळ चुलीवर चढली. डाळ शिजायला लागते तेवढा वेळ लागला. मग ती वाटायची. आणि सुनेला दिवस गेलेले म्हणून पोळ्या लाटायला कोण बसलं, सांगा? आमची अक्का! धबधबा पाहायला ठेवणीतलं लुगडं नेसून निघालेली माझी बहीण परक्या चुलीपुढं धुरात डोळे पुसत पोळ्या लाटत होती, आणि दाजी बाजेवर तक्क्याला टेकून कपाशीवर बोलून राह्यले होते.

मी बाजेपाशी जाऊन उभी राहिले. "दाजी, धबधबा."

"आवो, जल्दी काय हाय? धबधबा काय पळून चालला का?"

"पळणं हाच त्याचा धंदा आहे, दाजी!"

ते खो खो हसले. माझ्या प्रत्येक टोमण्याला असेच हसत, त्यामुळं भांडणसुद्धा धड करता येत नसे. काकूंनी अक्काला तिसरा का चौथा नारळ दिला आणि आम्ही निघालो.

लेण्यांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं आणि फाटक नुकतंच लागलं होतं. कुलूप लावणारा रखवालदार अजून तिथंच होता. आतून कुठूनतरी, लांबून, पाण्याची घरघर ऐकू येत होती. अक्का फाटकाचे गज धरून उभी राहिली. मी दाजींकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात हात जोडले की देवा, या रखवालदाराचं गाव ओळखीचं निघू दे.

दाजी पुढं झाले. "गाव कोणचं?"

आणि निघालं की हो! थेट दाजींच्या मामाचं गाव. रखवालदारानं टोपी काढली, दाजींच्या पायाला हात लावला. "आमच्या गावचे भाचे तुमी! आधी न्हाई का सांगायचं! वैनीसाठी फाटक उघडतो की. ह्यो उजेड हाय तवर बघून येऊ." मी अक्काचा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांच्या चहाचं आज चीज झालं म्हणायचं. तेवढ्यात तो म्हणाला, "पर अगुदर घोटभर चहा. त्याबिगर न्हाई सोडणार."

दाजींनी अक्काकडं पाहिलं. मग रखवालदाराकडं. तोंड उघडलं, मिटलं. नाही म्हणायचं होतं त्यांना, मी शपथेवर सांगते, ते ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. पण ज्या जिभेला सवय नाही तिला ते वळणार कसं? "बरं," म्हणाले, "घोटभर."

रखवालदाराचं घर फाटकाशेजारीच होतं, पण घरात दूध नव्हतं. त्याची बायको शेळी धरायला गेली. शेळी डोंगरावर. चहा होऊन कपबशा विसळेपर्यंत दरीत काळोख भरला आणि त्या अंधारात त्या बाईनं अक्काची ओटी भरली.

परतताना जीप वळली की नारळांतलं पाणी वाजायचं. दिवसभरात जवळून ऐकलेलं पाणी तेवढंच. बऱ्याच वेळानं अक्का, जी नवऱ्याला कधी उलटून बोलली नव्हती, ती बाहेर बघत म्हणाली, "तुमचे पाव्हणे समदे पाह्यले मी. मला पाणी पाह्यचं व्हतं."

सिल्लोड गेलं, भोकरदन गेलं, एका दारात दिवा लावून कुणी बसलेलं दिसलं तरी दाजींनी हाक मारली नाही. शेवटी चाचांनीच काळजीनं विचारलं, "साहब, तबियत बराबर है ना?"

"पुढच्या साली नेतो," एवढंच दाजी म्हणाले. पुढच्या साली पाऊसच आला नाही. सगळा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, धबधब्याला पाणी कुठून असणार? मग सासूबाईंचं आजारपण, मग पोरीचं लग्न, आणि मग एकदा पेरणीच्या दिवसांत दाजीच गेले. साधा ताप आला आणि गेले. त्या दिवशी हसनाबादला पाय ठेवायला जागा नव्हती. कुठकुठल्या गावची माणसं, ज्यांचं आमच्याशी नातं काय हे कुणालाच सांगता येईना, दारात बसून हमसत होती. मला अजून वाटतं, दाजी वरती पोचले नसावेत. वाटेत कुणीतरी भेटलं असणार.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी अक्काला घेऊन निघाले. तेच चाचा, तीच जीप. भोकरदन आलं तशी चाचांनी सवयीनं गाडी हळू केली आणि मग स्वतःशीच मान हलवून पुढं काढली. कुणी अडवलं नाही, चहा नाही, पोहे नाहीत. सकाळीच पोचलो. फाटक उघडं होतं. अक्का धबधब्यासमोर कितीतरी वेळ उभी होती. तुषारांनी तिचं पांढरं कपाळ भिजलं. मी ओरडून विचारलं, "आवाज कसा आहे?"

"हाय की," म्हणाली. "मोठा हाय."

आणि पदरानं तोंड पुसून जीपकडं वळली.

सिल्लोड जवळ आलं तेव्हा तिनं चाचांच्या खांद्याला हात लावला. "थांबवा. गावावरून जायचं अन् घरी न्हाई जायचं, असं कसं?"

काकू खूप थकल्या होत्या. अक्काचं कपाळ पाहून त्यांनी तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या, आणि रडता रडताच काकूंनी सुनेला डाळ चढवायला सांगितली. अक्का आपणहून पोळ्या लाटायला बसली. मी त्याच बाजेवर जाऊन टेकले. निघताना सून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि अक्काला पाहून दारातच थबकली. ताट कुठं ठेवावं ते तिला कळेना. काकूंनी ताटातला नारळ उचलला. "ती काय सवाष्ण म्हणून आलीय व्हय? लेक हाय माझी. लेक रिकामी जाती का कुठं?" आणि स्वतःच्या हातानं तो अक्काच्या पदरात घातला.

जीप गावाबाहेर पडली. अक्कानं पदरातला नारळ काढला, कानाशी धरला आणि हळूच हलवला.

"आवाज चांगला हाय," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिनं तो कानापासून काढला नाही.