आपा, आपो आणि वाटीभर तांदूळ

रुकय्याने सूड उगवला तेव्हा मी तिथे होते आणि मला मजा आली, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना समेटाच्या गोष्टी आवडतात त्यांनी पान उलटावं.

रुकय्या मुकादम मूळची राजापूरकडची, जैतापूरची. लग्न होऊन दुबईत आली आणि देऱ्यातल्या एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर केस पांढरे होईपर्यंत बसली. ती रिटायर झाली आणि वर्षभरातच नवरा, नूरुद्दीन, गेला. मुलगा झुबेर शारजात असतो. त्याच्या व्हिसावर ती इथे राहते, पण त्याच्या घरात राहत नाही. सुनेच्या सोफ्यावर झोपायचं आणि सगळ्यांचा टीव्ही बंद व्हायची वाट बघायची, हे आपल्याला जमणार नाही असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. आणि इंटरनॅशनल सिटीत एक खोली-किचन घेतलं, कारण तिच्या पेन्शनविना आयुष्याला परवडेल असं तेवढंच होतं.

इथल्या वस्त्यांना देशांची नावं आहेत. मी रस्त्यापलीकडे इंग्लंड क्लस्टरमध्ये मुलाकडे राहते, आणि तिथे इंग्लंडचं नाव सोडून काही नाही. सगळे मलबारी आणि पाकिस्तानी. ती मात्र चायना क्लस्टरमध्ये, आणि तिथे खरोखरच चिनी राहतात. चिनी मालाचा मोठा बाजार, ड्रॅगन मार्ट, जवळ, दुकानं त्यांची, मग राहणार कुठे? तिच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमधल्या चिठ्ठ्यासुद्धा चिनी. पाणी कधी बंद राहणार हे रुकय्याला शेजारणीच्या बादल्या बघून कळायचं.

पहिले काही महिने ती रोज मला फोन करून शिव्या घालत होती. वास येतो, मोठ्याने बोलतात, चपला दाराबाहेर ढीग करून ठेवतात. मी म्हणायचे, मग जा शारजाला. ती फोन ठेवायची.

मग तिला आपो भेटली.

आपो म्हणजे समोरच्या दारातली म्हातारी, ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांचं दुकान असलेल्या चेनची आई. चीनमधल्या फूच्येनच्या किनाऱ्यावरची. तिची नातवंडं तिला आपो म्हणत, म्हणजे आजी. रुकय्याला आमच्यासकट सगळं जग आपा म्हणतं. म्हातारीने पहिल्यांदा दारातून हाक ऐकली, "आपा!" आणि तिला वाटलं हिलाही आजीच म्हणतायत. रुकय्याला वाटलं, चिनी पोरं म्हातारीला आपा म्हणतात, म्हणजे मोठी बहीण, काय छान वळण आहे. समोरचीकडेही आपलाच शब्द आहे असं समजून दोघींनी मैत्री केली. चूक लक्षात आली तोवर उशीर झाला होता; तेव्हा दोघी तळहाताएवढ्या गॅलरीत थर्माकोलच्या खोक्यांत भाजी लावत होत्या. एकीची लसणीची पात, एकीची कोथिंबीर.

सकाळी अंगणात चिनी बाया लाल पंखे घेऊन गाण्यावर नाचतात, त्यात काळ्या अबायातली एक बाई शेवटच्या रांगेत. ती रुकय्या. उन्हाळ्यात दोघी ड्रॅगन मार्टच्या एसीत फेऱ्या मारत, आपोच्या काठीच्या वेगाने. बोलणं फोनमधल्या ट्रान्सलेटरवर, तो अडला की हातवारे. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपोने रुकय्यासाठी स्वतःच्या किचनमध्ये एक वेगळी कढई ठेवली होती. मुठीला लाल दोरा बांधलेली. त्यात फक्त भाजी आणि मासे, डुकराचा संबंध नाही, आणि तेल रुकय्याने आणलेलं. घरातल्या कुणी त्या कढईला हात लावला की म्हातारी त्याच्या मनगटावर पळी मारायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तय्यब. हा नूरुद्दीनच्या बहिणीचा मुलगा. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पांना डबे पुरवायचा, मग त्याला मोठा केटरर व्हायची हौस आली. पण आपल्या लोकांत लग्न असो, नियाजचं जेवण असो, सांदण रुकय्याचंच लागे. तांदळाचं, नारळाचं, वाफवलेलं, बोट लावलं तर पुन्हा वर येणारं. दर शुक्रवारी तिच्या घरी बायका कुराणातली यासीन पढायला जमत, खाऊन जात, जाताना ऑर्डर देऊन जात.

तय्यबने भांडण केलं नाही. त्याने फक्त झुबेदाकडे बसून चहा पिता पिता एक वाक्य सोडलं: मामी आता चिन्यांच्यातच जेवते, तिच्या भांड्यांचा काय भरवसा. झुबेदा म्हणजे जमातीतल्या बायकांची पुढारीण, तिच्या कानात पडलेलं वाक्य शारजापर्यंत जायला आठवडाही लागत नाही. पुढच्या शुक्रवारी निम्म्या बायका आल्या. त्यांनी यासीन पढली आणि पाणीसुद्धा न पिता उठल्या, सगळ्यांचा एकाच दिवशी नफील रोजा, म्हणजे मर्जीचा उपास, निघाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणी आलं नाही. रुकय्याने सांदणाचं पातेलं आपोकडे नेलं आणि दोघींनी मिळून संपवलं.

ती रडली नाही. मला म्हणाली, "स्मिता, त्याने माझं अन्न नापाक केलं. त्याचं अन्न कुणी शिवणार नाही असा दिवस मी बघणार, इन्शाल्ला."

मी म्हटलं, आमीन. हिंदू बाईचं आमीन चालत असेल तर.

दोन वर्षं तो दिवस आला नाही. मग आपोची ऐंशी पुरी व्हायची वेळ आली. चेनने क्लस्टरमधल्याच एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल घेतला. त्याची बरीच होलसेल गिऱ्हाइकं आपले कोकणी लोक, झुबेदाचा नवराही त्यांतलाच. म्हणून एक इंडियन काउंटर ठेवायचं ठरलं आणि कुणीतरी तय्यबचं नाव सुचवलं. रुकय्याला सांदण करशील का असं चेनने आधी विचारलं होतं. आपोने त्याला दटावलं: ती पाहुणी आहे, ती माझ्या शेजारी बसणार.

आणि तय्यबचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. मामी, कशा आहात, तब्येत, झुबेर, सगळं झाल्यावर मुद्द्यावर आला. तुम्ही त्यांच्यात राहता, त्यांना काय चालतं, काय नाही, जरा गाइड करा.

रुकय्याने गाइड केलं. तिखट कमी, बिर्याणीत हाडं चालतील, गोड अगदी बेताचं. तो बोलता बोलता म्हणाला की इतकी मोठी पार्टी, तेव्हा आधी अन्नावर फातेहा पढून मगच झाकणं उघडेन, टेबलावर मोगरा आणि अगरबत्ती लावेन. अगरबत्तीचं घर विसरायला होतं, तेव्हा नेहमीसारखी वाटीभर तांदळात खोचेन.

इथे रुकय्या गप्प बसली.

कारण तिला ठाऊक होतं. आपोने तिला एकदा भातात जेवायची काडी उभी खोचल्याबद्दल हातावर चापट मारली होती आणि मग ट्रान्सलेटरवर समजावलं होतं. तांदळात उभ्या काड्या फक्त मेलेल्या माणसासमोर लावतात. फोटोसमोर. पांढऱ्या फुलांसोबत. आपल्याकडे घरोघरी जे बरकतीसाठी करतात, ते त्यांच्याकडे मयताचं ताट. आणि हॉलमध्ये दारासमोर आपोचा मोठा फ्रेम केलेला फोटो ठेवणार हेही तिला ठाऊक होतं. तो निवडायला तीच बसली होती.

दुपारी ती माझ्याकडे आली आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, आणि म्हातारी? तिने विचार करून ठेवला होता. चिनी पाहुणे आधी येतात, ते बघतील, चेन भडकेल, तय्यबला पातेल्यांसकट खाली उतरवतील, आणि मग आपोला आणतील. तिला कळणारही नाही. मी म्हटलं, बरं केलंस. आजही म्हणेन. फक्त एक हिशेब आम्हा दोघींचा चुकला. म्हातारी माणसं लवकर येतात, हे आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

पार्टीच्या दिवशी, रविवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये टेबलं लावणारी नेपाळी पोरं होती, झुबेदा आणि तिच्या तिघी-चौघी होत्या आणि तय्यब नव्या कोटात. चिनी एकही नाही. दाराशी आपोचा फोटो. तय्यबला तिथलं टेबल रिकामं आणि मोक्याचं वाटलं असणार. त्याने फोटोसमोर मोगऱ्याची रास घातली होती आणि मधोमध तांदळाची वाटी, तीत तीन अगरबत्त्या. धूर सरळ आपोच्या हसऱ्या चेहऱ्यावर जात होता. इतकं नेटकं मांडलेलं की शिकवूनही कुणाला जमलं नसतं.

रुकय्या खुर्चीत बसली आणि वाट बघू लागली. मला तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, मी खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चेन. आई ऐकत नाही, लवकर निघाली, आम्ही खाली लिफ्टपाशी आहोत.

रुकय्याचा रंग उतरला. ही म्हातारी वाढदिवस करायलाच तयार नव्हती. या वयात गाजावाजा केला की मृत्यूला पत्ता लागतो, अशी तिची पक्की समजूत. मुलाने हट्ट करून राजी केलेली. आणि आता लिफ्टचं दार उघडताच तिला समोर काय दिसणार?

रुकय्या उठली. मला वाटलं ती वाटी उचलून कुठेतरी लपवेल. तिने तसं केलं नाही. ती टेबलापाशी गेली आणि तय्यबला बोटाने बोलावलं.

"ही मयताची खूण आहे यांच्याकडे. फोटो, पांढरी फुलं, तांदळात काड्या. जिवंत बाईची मयत मांडलीयस तू."

तय्यब म्हणाला, "मामी, बरकतीसाठी लावलीय, नेहमीचीच."

"चेनला सांग तसं. तो आणि त्याची आई लिफ्टपाशी आहेत. त्याने हे बघितलं तर तुझ्या पातेल्याला इथला कुत्रा शिवणार नाही. आज नाही, परत नाही."

तय्यबने वाटीला हात घातला. रुकय्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"आधी झुबेदाला सांग. माझ्या भांड्यांबद्दल काय बोलला होतास."

"मामी, आत्ता?"

"लिफ्टला वेळ लागत नाही, तय्यब."

अगरबत्तीची राख त्याच्या नव्या कोटाच्या बाहीवर पडली. झुबेदा तिथेच उभी होती, पदर सावरत, काही न कळल्यासारखं दाखवत. तय्यबने तिच्याकडे न बघता म्हटलं, "खाला, मी खोटं बोललो होतो."

"काय खोटं?" रुकय्याने विचारलं. "पुरतं बोल."

"मामी हराम खात नाही. कधी खाल्लं नाही. मला ऑर्डरी पाहिजे होत्या."

"मोठ्याने."

तो मोठ्याने बोलला. नेपाळी पोरंसुद्धा थांबून बघायला लागली. मग रुकय्याने हात काढला आणि म्हणाली, "खलास. पळ." तय्यब ती धुमसती वाटी छातीशी धरून किचनच्या दारातून असा पळाला, की नवा कोट कुठे आणि रुबाब कुठे. मी सगळा मोगरा ओंजळीने माझ्या पर्समध्ये कोंबला. दिवस-दोन दिवस तिला लग्नघराचा वास येत होता.

लिफ्ट उघडली. आपो लाल जाकिटात, हातात काठी, नाक वर करून हुंगत. तिने रुकय्याकडे बघून भुवया उडवल्या. धूर कसला? रुकय्याने स्वतःच्या दंडावर फटकन हात मारला, मच्छर मारल्यासारखा, म्हणजे मच्छरांचा धूर. आपो हसली आणि तिच्या हाताला धरून टेबलाकडे चालू लागली.

झुबेदा रुकय्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला आली. रुकय्याने खुर्चीवर पर्स ठेवली. म्हणाली, इथे आपोची सून बसतेय. सून पार टोकाला बसली होती आणि तिथून हलली नाही. ती खुर्ची जेवण संपेपर्यंत रिकामी राहिली. तय्यबच्या बिर्याणीला लोकांनी नावं ठेवली नाहीत. रुकय्याने त्या बिर्याणीकडे बघितलंही नाही. तिच्यासमोर आपोने घरून लाल दोऱ्याच्या कढईत करून आणवलेला मासा होता.

घरी येताना मी विचारलं, चेनला सांगणार का. ती म्हणाली, ते राखून ठेवलंय. तय्यबलाही ते माहीत आहे. आता ईदला सगळ्यांत आधी तोच येतो, मामीच्या पाया पडायचा बाकी असतो, आणि ती त्याला दारातल्या दारात शिरकुर्मा न देता परत पाठवते.

पार्टीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी झुबेदा सगळ्यांना घेऊन आली. रुकय्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आपोलाही. सांदण केलेलं. बशा मांडल्या आणि प्रत्येक बशीशेजारी लाकडी काड्यांची एक जोडी. चमचा नाही, हात धुवायला तस्त नाही.

आपोने काड्यांनी सांदणाचा तुकडा उचलून अल्लाद तोंडात टाकला. रुकय्यानेही. बाकीच्यांची तारांबळ बघण्यासारखी होती. सांदण मऊ, काडी लागली की तुटतं, एकीचं अबायावर पडलं, एकीचं गालिच्यावर. शेवटी झुबेदाने विचारलं, "आपा, चमचा मिळेल?"

"मिळेल की," रुकय्या म्हणाली. "पण तो माझ्या घरचा असेल, झुबेदा. चिन्यांच्यात राहणाऱ्या बाईचा. या काड्या कोऱ्या आहेत, पाकीट आत्ताच फोडलंय."

 आपोला शब्द कळले नाहीत, पण ती चावायची थांबली.

झुबेदा उठली. किचनमध्ये गेली, धुऊन उपडी घातलेल्या भांड्यांतून एक चमचा घेतला आणि जागेवर येऊन बसली. सांदणाचा तुकडा तोडून तोंडात घातला. तिचा घास गळ्याखाली उतरेपर्यंत रुकय्या तिच्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "चला, आता यासीन काढा."