दुखते, म्हणजे बरी

गावात कोणत्या बाईच्या घरी पाळणा हलणार, हे तिच्या नवऱ्याआधी मला कळतं. मी आशा आहे, म्हणजे गावची आरोग्यसेविका. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाची लस राहिली, कोणाला ताप, सगळं माझ्या वहीत असतं.

त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि अंगात नुसता उत्साह संचारला. म्हटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, बाया आयत्याच जमतात, तिळगुळासोबत माहितीही वाटून टाकू. गाठ हाताला कशी लागते ते दाखवायला जुन्या कापडात कापूस भरून आत वाटाणा शिवला. तो चाचपताना बाया हसून हसून लोळल्या.

मी भडकले. "खिदळून काय राह्यल्या? जीव जाते जीव! दुखत नाई म्हणून बसू नका. न दुखनारी गाठच जास्त वाईट!" हे तीनदा ठणकावलं, पार गल्लीत ऐकू गेलं असेल. मग अंगणात दीर आले, म्हणून पुढचं हळूच सांगितलं: दुखो की न दुखो, गाठ लागली की दाखवायचीच.

सासूबाई तेव्हा आतल्या खोलीत होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दार लोटून घेतात. त्यांना कोणी आत बसवलं नव्हतं. पण मीही 'या' म्हटलं नव्हतं. रीतच ती.

उन्हाळा लागला तेव्हा त्यांच्या ब्लाउजवर पिवळे डाग दिसायला लागले. विचारलं की "काई नाई." एक दिवस हट्टानं पाहिलंच. डाव्या स्तनावरची कातडी जळून काळी पडली होती, भोवती फोड. बिब्बा! आमच्याकडे मुका मार असो की गाठ, बिब्बा गरम करून त्याचं तेल लावतात. कातडी जळली की म्हणतात, औषध लागू पडलं.

"हे काऊन केलं, आई?"

"तूच तं सांगत होती त्या दिवशी, न दुखनारी गाठ वाईट म्हणून. माह्यी बिलकूल दुखत नोती. आठ-दहा खेपा बिब्बा लावला, आता मस्त दुखून राह्यली." चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद!

मला आधी हसू फुटलं. मग दरदरून घाम आला.

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले कुठी टाइम राह्यते, बाई? साऱ्या गावाची चिंता तुले."

वय वाढतं तसा धोका वाढतो, हे मला तोंडपाठ होतं. आणि मी ज्ञान पाजळलं कोणापुढं, तर नव्यानव्या सुनांपुढं. ज्यांना खरी गरज, त्यांतल्या कितीतरी जणी कुंकू नाही म्हणून आपापल्या घरी बसल्या होत्या. वा रे शहाणी! स्वतःचीच चीड आली, अजून येते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी जळलेली कातडी पाहून कपाळावर हात मारला. कातडी जरा भरून येईस्तोवर काही दिवस आणखी गेले. मग सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोगच निघाला, आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन, स्तन काढावा लागणार.

"पहिल्यांदा कधी लक्षात आली गाठ?" बाईंनी विचारलं.

"संक्रांतीले," सासूबाईंनी ठणठणीत आवाजात सांगितलं.

"तेव्हाच यायला पाहिजे होतं ना, आजी." बाई माझ्या ओळखपत्राकडे पाहत होत्या. ते मी सवयीनं गळ्यात घालून आले होते.

ऑपरेशननंतर वॉर्डात सासूबाईंचा दरबार भरायचा. छातीला पट्ट्या, बाजूला नळी, डोक्यावर केस नाहीत, पण तोंड चालू. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "माह्यी सून आशा आहे. तिनं सांगितलं म्हणून समजलं मले. नाई तं मेली असती मी."

त्या बाईनं मला हात जोडले. "अशी सून भेटाले नशीब लागते, बाई."

आणि मी, जिचं तोंड गावात कोणी बंद करू शकत नाही, खाली मान घालून संत्रं सोलत राहिले.