भलत्या ग्रुपवर गेलेला धडा

न्यायालयासमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझ्या टेबलाशी चहाला येणारे एक प्राध्यापक आहेत. ते अर्थशास्त्र शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही, हे सर्वस्वी प्राचार्या मॅडमांच्या मर्जीवर. दिंडोरीकडची मुले द्राक्षछाटणीच्या दिवसांत वर्गात फिरकत नाहीत, म्हणून हे गृहस्थ व्हॉट्सॲपवर बोलून धडे पाठवतात. मोबाइल मक्याच्या कणसासारखा आडवा तोंडापुढे धरायचा आणि "उठा रे आळश्यांनो!" अशी सुरुवात करायची, हा त्यांचा शिरस्ता.

परवा माझ्या टेबलाशी बसून पाठवलेला धडा चुकून प्राध्यापकांच्या ग्रुपवर गेला. शेवटी प्रश्न होता, कांद्याचा भाव निम्मा झाला, तर घरात कांदा दुप्पट खपेल का?

"पुसून टाका, सर!" मी म्हणालो.

"आता पुसून काय उपयोग? मॅडमनी ऐकलासुद्धा."

मी तत्काळ "महोदया, सविनय क्षमायाचना" असा भारदस्त मजकूर लिहावयास घेतला. माझ्या लेखणीने याहून बिकट प्रकरणे मार्गी लावली आहेत.

तेवढ्यात मॅडमांचे उत्तर आले, "होय, दुप्पट खपेल."

"बरोबर आहे म्हणा आणि सुटा," मी विनवले.

त्यांनी मोबाइल तोंडापुढे धरला. "नाही मॅडम, चुकलं. स्वस्त झाला म्हणून भाजीत कुणी दुप्पट कांदा घालत नाही. धडा पुन्हा ऐका."

मी क्षमायाचनेत आणखी एक "सविनय" घातला. थोड्या वेळाने मोबाइल वाजला.

"ऐकते, सर. पुढच्या वर्षी तुमच्या वर्गातच येऊन बसेन म्हणते."