कॅप्टनच्या ताटातल्या हिरव्या काड्या

आमच्या स्वयंपाकघरात रोज दोन गोष्टी साठतात, भाजीची देठं आणि किस्से. देठं संध्याकाळी माडाच्या बुंध्याशी जातात. किस्से मात्र टाकवत नाहीत हो! म्हणून सांगते.

स्वयंपाकघर तसं शुभावहिनीचं. तिचे यजमान विलासभाऊजी सगळी नोकरी बोटीवर कुक होते. रिटायर होऊन रत्नागिरीत घरी आले आणि थोड्याच दिवसांत छातीत दुखून ॲडमिट झाले. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "खाणं बदललं नाही, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नाही." घरी आल्या आल्या वहिनीने तळणाची कढई माळ्यावर टाकली. ते बघून आजूबाजूचे बीपीवाले, शुगरवाले डबा मागायला लागले. मी शेजारीण, भाजी निवडायला म्हणून गेले ती तिथलीच झाले.

सगळी आळी आमचा डाएट डबा खायला लागली. एक भाऊजी सोडून!

पहिल्याच दिवशी ताटातला बिनतेलाचा दुधी बघून ते म्हणाले, "शुभा, अगं श्राद्धाला याहून बरं जेवण असतं!"

वहिनी म्हणाली, "ते घालायची वेळ येऊ नये, म्हणूनच हे खा."

*

डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं भाऊजींनी लगेच मनावर घेतलं. रोज भाट्याच्या किनाऱ्यावर वॉक. एवढं चालून माणूस बारीक होईना, तेव्हा वहिनीला शंका आली. एकदा ते दारात चपला काढत असताना तिने त्यांचा हात नाकाशी नेला.

"हा कसला वास?"

"समुद्राचा! किनाऱ्यावरून आलोय ना."

"असं? हल्ली समुद्राला तिखटमीठ लावून रव्यात घोळवतात वाटतं!"

दुसऱ्या दिवसापासून वॉकला त्यांच्याबरोबर मी.

*

मग लेकीने पुण्याहून थर्मोकोलच्या डब्यात ॲस्पॅरॅगस नावाची विलायती भाजी पाठवली. "हार्टला चांगली असते, बाबांना दे," असा निरोप. वहिनी डबे पोचवायला गेलेली. घरात डब्यांच्या स्वयंपाकाला मदत करणारी आमची सुरेखा. ती लांज्याकडच्या खेड्यातली, हाताला भारी चव. तिने त्या हिरव्या काड्या बघितल्या, शेंड्याला हात लावला आणि ओळखलं, बांबूचे कोंब! मग कोंबाचं करतात तेच केलं. बारीक चिरून पाण्यात घातले आणि कडूपणा जावा म्हणून पाणी बदलत दोन दिवस ठेवले. मला नि वहिनीला तरी ते कुठे माहीत होतं?

भाऊजींनी पातेल्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारला. "सुरेखा, अगं बोटीवर असतीस तर कॅप्टनने पुढच्या बंदरात उतरवलं असतं तुला!"

सुरेखा शांतपणे म्हणाली, "तिथना यष्टी मिळाली असती ना?"

*

पुढच्या खेपेला भाऊजी स्वतः ओट्यापाशी उभे राहिले. काडी वाकवून दाखवली. "जिथे मोडते तिथून वर कोवळी, खालचं जून." उकळत्या पाण्यात जरा वेळ, मग गार पाण्यात, वर लिंबू आणि मिरी. हिरवागार रंग तसाच राहिला. लोण्याकडे वळलेला त्यांचा हात वहिनीने वाटेतच धरला, ते सोडा.

सुरेखाला मात्र ते बघवेना. "खोबरं?"

"खोबरं नाही."

"राई-कढीपत्ता तरी?"

"काही नाही! कॅप्टनच्या टेबलावर असंच जातं."

"अरेरे," सुरेखा म्हणाली, "एवढ्या मोठ्या बोटीवर एक नारळ नाय?"

डब्यातून त्या काड्या सगळीकडे गेल्या. नाक्यावर एक रिटायर्ड हेडमास्तर राहतात. त्यांच्या डब्यात सगळ्या काड्या परत आल्या, चोखून, झाकणात ओळीने मांडलेल्या. पाठोपाठ फोन. "तुमच्या शेवग्याच्या शेंगा कोवळ्या होत्या, पण गर अजिबात नाही!"

*

एवढं शिकवलं, पण भाऊजींनी स्वतः एक काडी तोंडात घातली नाही. भात-आमटी खाऊन उठायचे. एकदा किनाऱ्यावर मी विचारलंच.

"ते वरच्यांचं खाणं," ते म्हणाले. "मी मीठ बघण्यापुरतं चाखायचो. उरलं तर टाकायचं, पण आपल्या ताटात घ्यायचं नाही. ताट आत गेलं की मी दाराआड उभा राहायचो. वाटायचं, आज तरी कॅप्टन म्हणेल, कुकला बोलवा. कधीच नाही बोलावलं हो."

मी हे वहिनीला सांगितलं. ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवत होती, रोजच्यासारखी, सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं. तिचा घास हातातच राहिला.

"सगळं आयुष्य मी या माणसाची वाट बघण्यात काढलं," ती म्हणाली. "आता कुठे घरी आलाय. मला भीती वाटते गं."

*

त्याच आठवड्यात भाऊजी जिना चढताना मध्येच थांबले, कठड्याला धरून. वहिनीने ते बघितलं.

रविवारी डबे बंद असतात. वहिनीने जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली. काचेची प्लेट मांडली, त्यात ॲस्पॅरॅगस, लिंबू, मिरी, बाजूला मुगाचं धिरडं. पदर खोचून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कॅप्टनसाहेब, जेवण तयार आहे."

भाऊजी हसले नाहीत. आत जाऊन शर्ट बदलून आले. खुर्चीत ताठ बसले. एक काडी उचलली, बराच वेळ बघितली आणि खाल्ली. मग दुसरी. वहिनी दाराआड. सुरेखा आणि मी तिच्या मागे.

प्लेट अर्धी झाल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला. जरबेने म्हणाले, "कुकला बोलवा."

"मीठ जास्त झालं वाटतं," सुरेखा कुजबुजली.

वहिनी हात पुसत पुढे गेली. भाऊजींनी शेजारची खुर्ची ओढली, उरलेली प्लेट तिच्यापुढे सरकवली. इतक्या वर्षांत तिला 'अगं शुभा' खेरीज हाक न मारलेला माणूस म्हणाला, "बसा."

वहिनी बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी प्लेटमध्ये पडेल की काय, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात दारातून सुरेखा म्हणाली, "आता तरी खोबरं आणू का?"

दोघं एकदम म्हणाले, "आण!"