रूळ उचललेल्या गावात आई

आईला अमेरिकेत, सांता क्लाराला येऊन तीन आठवडे झाले आणि तिनं सांगून टाकलं, "माझं तिकीट अलीकडं घे. मला हितं काय काम न्हाई."

ती सहा महिने राहायला आली होती. पण आमच्याकडे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं आणि नात शाळेतून येते ती इंग्लिश बोलतच. आईचं खरं होतं. मला मात्र ती हवी होती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, न विचारताही. आईवडील धरणाच्या कामावर मजूर. एक धरण झालं की बिऱ्हाड पुढच्या धरणावर. माझा जन्म अशाच एका कॅम्पातला. काम संपलं, खोल्यांचे पत्रे निघाले, कॅम्प गेला. नकाशात बोट ठेवायला जागा नाही, म्हणून मुलीला मी 'पुण्याच्या पलीकडे' एवढंच सांगत आले होते.

लाँग वीकेंडला नवरा ऑन-कॉल होता, म्हणून आम्ही तिघीच नेव्हाडात गेलो. मला तिथल्या जुन्या रेल्वेंचं वेड आहे. वाळवंटात सोनं-चांदी सापडायची, बघता बघता गाव वसायचं, मागोमाग रेल्वे यायची. खाण आटली की माणसं उठायची आणि काही वर्षांत रूळसुद्धा. लोखंड दुसऱ्या लाइनीला नाहीतर भंगारात, लाकडी स्लीपर कुणाच्या तरी घराला. मागे राहतो तो मातीचा भराव, थेट डोंगरापर्यंत गेलेला.

अशाच एका ओस गावापाशी उतरल्यावर आईनं पदर डोक्यावर घेतला आणि ती भरावावरून चालायला लागली. मी माहिती द्यायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "काम संपल्यावर रूळ नेले व्हय? आमच्या धरणावर बी माती वाहायच्या ट्रॉलीचे नेले. रिकामी ट्रॉली माघारी यायची, तवा तुला त्यात बसवायची मी."

"वेट, मम्मा इन अ ट्रॉली?" मुलगी थांबलीच.

"तर! लई रडकी तुझी आई. ट्रॉली थांबली की भोंगा सुरू."

मुलगी पोट धरून हसली. मग तिचे प्रश्न इंग्लिशमध्ये, आईची उत्तरं मराठीत आणि मध्ये मी. थोड्या वेळानं त्या दोघींना माझी गरजच लागेना.

एका पडक्या दगडी भिंतीपाशी आई ठामपणे म्हणाली, "ही मुकादमाची खोली."

"आजी, द बोर्ड सेज बँक."

"एकच की. पगार हितंच मिळत असंल."

पुढे तिला तीन चपटे दगड सापडले. एकमेकांवर आपटून तिनं त्यांचा आवाज ऐकला आणि सरळ पिशवीत टाकले. मला नवल वाटलं नाही. कॅम्प हलला की आमच्याकडे फुटका माठ मागे राहायचा, पण चुलीचे दगड बरोबर यायचे. जाळात न तडकणारा दगड सहजी मिळत नाही. मुलगी मात्र ओरडली, "आजी, नो! यू कान्ट टेक एनीथिंग फ्रॉम हिअर. इट्स द लॉ!"

"एवढ्या रानात धोंडे मोजतंय कोण?"

"पोलीस!"

आईनं दगड जिथले तिथे ठेवले. "सोनं नेलं, रूळ नेले, अन् माझ्या धोंड्यांवर पहारा," म्हणाली.

परतीच्या वाटेवर आईनं मागच्या सीटवरून विचारलं, "तुझ्या घरामागं जागा हाय की. तीन विटा मिळतील का गं?"

"तुझं तिकीट अलीकडं घ्यायचंय ना?"

"आधी विटा तर बघू."

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात दोघी विटांच्या ढिगापाशी बसल्या. आई वीट वाजवायची, कानाशी धरायची, बाजूला सारायची. मुलीनंही एक उचलली, वाजवली, कान लावला.

"ही कच्ची," ती म्हणाली. मराठीत.

आईनं वीट तिच्या हातातून घेतली, पुन्हा वाजवून बघितली.

"व्हय. कच्चीच हाय."

तिकिटाची तारीख आहे तीच राहिली.